ओकचे लाकूड, सुरतेची वखार आणि बिअरची चव

सुरत म्हटले की मराठी वाचकाला इंग्रजांची वखार आठवते, शिवाजी महाराजांच्या १६६४ आणि १६७० च्या स्वाऱ्या आठवतात, जरीकाम आणि हिरे आठवतात. मद्याशी या शहराचा संबंध आज कोणी जोडणार नाही. गुजरात हे दारूबंदीचे राज्य आहे आणि सुरतेचा मद्यप्रेमी दमणची वाट धरतो, हे गोव्याला वेगळे सांगायला नको. १९८७ पर्यंत गोवा आणि दमण एकाच प्रशासनाखाली होते. तरीही लाकडाची चव मद्यात कशी उतरते आणि घरगुती प्रमाणावर आंबवलेल्या बिअरमध्ये ती मुद्दाम कशी उतरवली जाते, हे समजून घेताना तापीकाठच्या या शहरापासून सुरुवात करणे सोयीचे आहे. युरोपातून आलेले ओकचे पिंप आणि गोव्याहून आलेले मद्य हे दोन्ही या शहरात साडेतीनशे वर्षांपूर्वी शेजारी शेजारी होते.

योहान आल्ब्रेख्ट फॉन मांडेल्स्लो हा जर्मन प्रवासी १६३८ मध्ये सुरतेत उतरला. वखारीतल्या इंग्रजांच्या एका पेयाची त्याने नोंद केली आहे: मद्यार्क, गुलाबपाणी, लिंबाचा रस आणि साखर यांचे मिश्रण. हेच पुढे जगभर ‘पंच’ या नावाने पसरले. हा शब्द आपल्या ‘पाच’वरून आला, असे सामान्यतः मानतात, त्यावर वादही आहे. सुमारे पन्नास वर्षांनी जॉन ओव्हिंग्टन हा इंग्रज पाद्री सुरतेत आला. १६९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या प्रवासवर्णनात गोव्याच्या आणि बंगालच्या अरकाची तुलना आहे. बंगालचा अरक अधिक कडक, पण पंचासाठी दोन्ही चालत, असे तो सांगतो. त्याच पुस्तकात आणखी एक नोंद आहे. इंग्लंडहून आलेली बिअर सुरतेत फार महाग मिळे, तरीही घरच्या चवीच्या ओढीने लोक ती आनंदाने विकत घेत.

त्या काळी असे पेय जहाजातून येई ते मुख्यतः लाकडी पिंपात, आणि युरोपातले चांगले पिंप म्हणजे ओकचे पिंप. आपला ‘पिंप’ हा शब्दही पोर्तुगीज ‘पिपा’वरून आलेला. वस्तू आली आणि तिच्यासोबत तिचे नावही किनाऱ्यावर उतरले.

पिंप ही आधी पेटी होती

आज ओकमध्ये मुरवलेली बिअर म्हटली की व्हॅनिला, खोबरे, भाजका बदाम अशा चवींची भाषा सुरू होते. त्यामुळे जुन्या काळची बिअरही तशीच लागत असावी, असा समज सहज होतो. तो चुकीचा आहे. जुन्या बिअर बनवणाऱ्याला पिंपाची चव नकोच होती. पिंप म्हणजे वाहतुकीची पेटी: न गळणारी, गडगडत नेता येणारी, आतल्या दाबाला न फुटणारी. जर्मनीत पिंपांना आतून डांबरासारख्या राळेचा लेप देत, तो याचसाठी. इंग्रज कारखानदार बाल्टिक किनाऱ्यावरून येणारे ओक पसंत करीत, कारण ते बिअरला फारसे काही देत नसे. अमेरिकन ओक स्वस्त मिळत असूनही बिअरसाठी ते टाळत. त्याची चव बिअरमध्ये उतरते, ही तक्रार होती. आज हेच अमेरिकन ओक त्याच चवीसाठी पैसे मोजून मागवले जाते.

लाकडाची चव हा बिअरमधला स्वतंत्र घटक मानण्याची पद्धत तुलनेने नवी आहे. १९९० च्या दशकात शिकागोच्या गूज आयलंड या कारखान्याने बर्बन व्हिस्कीच्या रिकाम्या पिंपात काळी, कडक स्टाउट बिअर मुरवली. त्यानंतर हा प्रकार अमेरिकेतल्या लहान कारखान्यांत आणि घरोघरच्या छांदिष्टांत पसरला. बेल्जियमच्या रूसेलारे गावात रोडेनबाख कारखान्याची माणसाहून उंच ओकची पिंपे त्याआधीपासून होती. पण तिथे हवा होता तो लाकडात राहणाऱ्या जिवाणूंचा आंबटपणा. लाकडाची स्वतःची चव हा तिथला हेतू नव्हता. हा फरक पुढे महत्त्वाचा ठरतो.

मग ओकच का? सुरतेजवळ डांगचे जंगल आहे आणि तिथला साग नावाजलेला. सुरतेचाच लवजी नसरवानजी वाडिया १७३६ मध्ये मुंबईला गेला आणि त्याच्या घराण्याने सागाची जी जहाजे बांधली, त्यांपैकी १८१७ चे ‘ट्रिंकोमाली’ आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे पाण्यावर तरंगते आहे. जहाजाला साग ओकपेक्षा सरस ठरला. पिंपाला मात्र तो चालत नाही. सागाचा टिकाऊपणा त्यातल्या तेलकट द्रव्यांमुळे असतो. पाणी आणि वाळवी यांना दूर ठेवणारी हीच द्रव्ये मद्यात उतरली की चामड्यासारखा, कडवट वास येतो.

ओकची गोष्ट वेगळी. पांढऱ्या ओकच्या आतील गाभ्यात पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या झाड जसे वयात येते तशा आपोआप बुजतात. त्यामुळे लाकूड द्रव धरून ठेवते, पण हवेचा अगदी सूक्ष्म शिरकाव होऊ देते. तांबड्या ओकमध्ये या नळ्या उघड्याच राहतात. त्याच्या लांबट तुकड्याच्या एका टोकाला तोंड लावून फुंकले तर दुसऱ्या टोकाने हवा येते. अशा लाकडाचे पिंप गळेल. शिवाय ओकची फळी वाफेवर आणि आगीवर वाकते, मोडत नाही.

फ्रान्समधल्या त्राँसे जंगलाचे ओक आज वाइनच्या पिंपांसाठी सर्वोत्तम मानले जातात. त्या जंगलाची घडी चौदाव्या लुईचा मंत्री कोलबेर याने १६७० च्या सुमारास बसवली, ती जहाजांच्या लाकडासाठी. याच कोलबेरने १६६४ मध्ये फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनी स्थापन केली आणि तिची भारतातली पहिली वखार १६६८ मध्ये सुरतेत उघडली. जहाजे लोखंडाची झाली, वखार गेली, झाडे उरली आणि पिंपांच्या कामी आली.

आगीशिवाय ओक मुका आहे

ओकचे ताजे लाकूड चावून पाहिले तर ते हिरड्यासारखे तुरट लागते. हा तुरटपणा टॅनिनचा. पिंपांचे कारखाने म्हणूनच फोडलेल्या फळ्या उघड्यावर रचून दीड ते तीन वर्षे उन्हापावसात ठेवतात. पाऊस जादा टॅनिन धुऊन नेतो, बुरशी आणि ऊन उरलेल्याला मवाळ करतात. भट्टीत झटपट वाळवलेले लाकूड कोरडे होते, पण त्याचा तुरटपणा जात नाही. फर्निचरच्या कारखान्यातला ओकचा उरलेला तुकडा पेयात का टाकू नये, याचे हे पहिले कारण. दुसरे कारण त्यावरचे पॉलिश आणि गोंद.

यानंतर येते आग. ओकमधले सेल्युलोज हे सांगाड्याचे काम करते, चवीला फारसे काही देत नाही. हेमिसेल्युलोज नावाचा भाग मात्र उष्णतेने फुटतो आणि साखर करपताना येतो तसा कॅरमेलचा, भाजक्या पावाचा सुगंध देतो. लिग्निन फुटले की व्हॅनिलिन तयार होते; व्हॅनिलाच्या शेंगेत जो पदार्थ असतो, तोच हा. आग वाढवली की लिग्निनमधूनच धुराचा वास निघू लागतो. लवंगेचा वास देणारे युजेनॉल ओकमध्ये मुळातच थोडे असते. खोबऱ्यासारखा वास देणारी लॅक्टोन नावाची संयुगे अमेरिकन पांढऱ्या ओकमध्ये भरपूर, युरोपीय ओकमध्ये कमी. गोव्याच्या जिभेला नारळाची ओळख इतकी पक्की आहे की अमेरिकन ओकमधले खोबरे इथे लगेच सापडते, आणि थोडे जास्त झाले तरी लगेच खुपते.

पिंपवाला पिंपाच्या आत आग पेटवून फळ्या शेकतो. घरी हे काम ओव्हनमध्ये होते. ओकच्या ढलप्या किंवा पेरभर आकाराचे चौकोनी तुकडे ॲल्युमिनियमच्या फॉइलमध्ये गुंडाळून सुमारे तासभर भाजावेत. १५० अंश सेल्सियसच्या आसपास लाकडाचा साधा गोडवा वर येतो. १७५ ते १९० अंशांच्या दरम्यान व्हॅनिला आणि कॅरमेल ठळक होतात. २०० च्या वर भाजका बदाम, कॉफी आणि मग धूर. २५० च्या पुढे बहुतेक वेळा फक्त करपलेपणा हाती लागतो. घरच्या ओव्हनवरचे आकडे फारसे विश्वासार्ह नसतात, म्हणून नाकावर भर द्यावा: बिस्किटाच्या बेकरीसारखा वास येऊ लागला की मध्यम शेक झाला, असे समजावे. विकत मिळणारे तुकडे हलके, मध्यम आणि गडद अशा तीन प्रतींत शेकूनच येतात. पहिल्यांदा करणाऱ्याने मध्यम प्रत घ्यावी.

लाकूड निवडताना आपल्याकडे एक खास फसगत होते. बागांत आणि कॉफीच्या मळ्यांत सावलीसाठी लावतात तो ‘सिल्व्हर ओक’ हा ओक नव्हेच. ते ऑस्ट्रेलियाचे झाड, ग्रेव्हिलिया नावाचे. नावातल्या ओकशी त्याचे काही नाते नाही. खरा ओक सह्याद्रीत नैसर्गिकरीत्या उगवत नाही. तो हिमालयात आहे. उत्तराखंडात ‘बांज’ म्हणतात तो ओकच, पण गावांचे झरे, चारा आणि जळण त्या झाडावर अवलंबून असतात. पिंपांचे लाकूड म्हणून तो वापरात नाही. आयात मालाच्या खोक्यांचे आणि पॅलेटचे लाकूड तर मुळीच वापरू नये. त्यावर कीडनाशक वायूची प्रक्रिया झालेली असू शकते आणि त्यावर काय काय सांडले, याचा पत्ता नसतो. खाद्यपदार्थांसाठी म्हणून विकले जाणारे, मूळ सांगणारे ओकच घ्यावे.

बिअरमध्ये लाकूड कसे घालतात

कृतीआधी कायद्याची गोष्ट. गुजरातमध्ये परवान्याशिवाय मद्य बनवणे हा गंभीर गुन्हा आहे. २०१७ च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी दहा वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. सुरतेच्या एखाद्या घरात वीस लिटर बिअर आंबत असेल तर तिला छंद म्हणता येत नाही. गोव्यातही मद्यनिर्मिती अबकारी कायद्याखाली येते, त्यामुळे घरी आंबवण्याचा विचार असलेल्याने खात्याकडे नियम विचारून घ्यावेत. त्या भानगडीत पडायचे नसेल त्याच्यासाठीही एक वाट आहे. ती पुढे येते.

बिअर म्हणजे माल्ट केलेल्या जवाच्या गोड अर्कात हॉप्स उकळून यीस्टने आंबवलेले पेय. लाकडाची पाळी येते ती मुख्य आंबवण संपल्यावर. त्याआधी टाकले तर यीस्टची हालचाल आणि वर येणारा वायू सुगंधाचा बराच भाग घेऊन जातात. बिअर खालच्या गाळावरून स्वच्छ भांड्यात काढून घ्यावी आणि मग लाकूड घालावे.

लाकूड स्वच्छ कसे करावे, यावर मतभेद आहेत. उकळत्या पाण्यात टाकले तर वरवरचे जंतू मरतात आणि थोडे टॅनिनही निघते. पण त्या पाण्याबरोबर सुगंधही जातो. पंधरा मिनिटे वाफवणे अधिक बरे. लाकूड सच्छिद्र असते, त्यामुळे ते काचेसारखे निर्जंतुक कधीच होत नाही, हे मात्र मान्य करून चालावे. सर्वांत विश्वासाची पद्धत म्हणजे तुकडे एक-दोन आठवडे कडक मद्यात बुडवून ठेवणे. रम, व्हिस्की किंवा साधी व्होडका चालते. जंतूही मरतात आणि मद्य स्वतः लाकडाचा अर्क होते.

वीस लिटर बिअरला पंचवीस ते तीस ग्रॅम एवढे माप सुरुवातीला पुरे. ढलप्या पातळ असल्याने आठवडाभरात सर्व काही देऊन टाकतात, आणि त्यांची चव थोडी एकसुरी असते. चौकोनी तुकड्यांत बाहेरचा थर जास्त शेकलेला आणि आतला कमी असतो. बिअर हळूहळू आत शिरते आणि एकेक थर सोडवून आणते. त्यांना एक ते तीन महिने लागतात, पण चव अधिक भरीव येते. घाई नसेल तर तुकडेच घ्यावेत. लाकूड वर तरंगू नये म्हणून उकळून घेतलेल्या कापडी पिशवीत स्टीलच्या चमच्याचे वजन घालून ते बुडवावे. नंतर बाहेर काढायलाही सोपे पडते. भांडे उघडण्याची वेळ जितकी कमी येईल तितके चांगले, कारण प्रत्येक उघडण्याबरोबर हवा आत जाते.

चवीची तपासणी ढलप्यांच्या बाबतीत चौथ्या-पाचव्या दिवसापासून, तुकड्यांच्या बाबतीत तिसऱ्या आठवड्यापासून करावी. इथे बहुतेक नवखे चुकतात. लाकडाची चव जाणवू लागली म्हणजे वेळ झाली, असे त्यांना वाटत नाही. आणखी थोडी हवी, असे वाटते. मग बिअर ओल्या सुताराच्या दुकानासारखी लागू लागते. जादा तुरटपणा आला तर तो काढण्याचा सोपा उपाय नाही. त्याच जातीची लाकूड न घातलेली बिअर मिसळून तो पातळ करता येतो, किंवा काही महिने थांबता येते. काळात लाकडाचा उग्रपणा थोडा निवतो, म्हणून इच्छित चवीपेक्षा किंचित पुढे गेल्यावर लाकूड काढावे, असे अनुभवी लोक म्हणतात. किंचित या शब्दाकडे मात्र नीट लक्ष द्यावे.

बिअर कोणती, यालाही महत्त्व आहे. स्टाउट, पोर्टर अशा काळ्या आणि कडक बिअरमध्ये भाजक्या धान्याची चव ओकला पेलते. हलकी, फिकट लागर ओकखाली दबून जाते.

आता ती दुसरी वाट. पन्नास ग्रॅम शेकलेले तुकडे दोनशे मिलिलिटर विकतच्या रममध्ये काचेच्या बरणीत दोन आठवडे ठेवावेत. अर्क गाळून घ्यावा. विकत आणलेल्या काळ्या बिअरचे दोनशे मिलिलिटर ग्लासात घेऊन त्यात अर्काचे थेंब घालत चाखावे. घरी काहीही आंबवावे लागत नाही आणि ओक म्हणजे काय, हे एका संध्याकाळी कळते. परवानाधारक लहान कारखान्यांनाही ही पद्धत उपयोगी आहे. ग्लासात एक मिलिलिटर अर्काने हवी ती चव आली, तर वीस लिटरला शंभर मिलिलिटर लागेल. हिशेब सरळ आहे, आणि चूक झाली तर एका ग्लासाचीच होते.

छोटे शोभेचे पिंप घेण्याचा मोह अनेकांना होतो. पाच लिटरच्या पिंपात दर लिटरमागे लाकडाचा पृष्ठभाग दोनशे लिटरच्या पिंपाच्या जवळजवळ साडेतीन पट असतो. मोठ्या पिंपात वर्षभराने येणारी चव त्यात काही आठवड्यांत येते आणि लगेच मर्यादा ओलांडते. शिवाय पिंप कोरडे पडले की फळ्या आकसतात आणि ते गळते. पाण्याने भरून एक-दोन दिवस फुगवल्याशिवाय वापरता येत नाही. पावसाळ्यात रिकाम्या पिंपात बुरशी धरते. तुकडे आणि ढलप्यासुद्धा जून ते सप्टेंबर हवाबंद डब्यातच ठेवाव्यात. कोकणपट्टीच्या हवेत कागदी पिशवीतले लाकूड पंधरवड्यात कुबट होते.

लाकडातले पाहुणे

लाकूड चव देते तसे ते जिवाणूंना घरही देते. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत क्लाउसेन याने १९०४ मध्ये इंग्लंडच्या जुन्या, मुरवलेल्या बिअरमधून एक वेगळे यीस्ट ओळखले आणि त्याला ब्रेटानोमायसिस, म्हणजे ब्रिटिश बुरशी, असे नाव दिले. ते पिंपाच्या फटींत राहते, लाकडातली साखरही खाते, आणि बिअरला चामड्याचा, तबेल्याचा वास देते. बेल्जियममध्ये हा वास मोलाचा मानतात. घरच्या स्टाउटमध्ये न बोलावता आला तर वीस लिटर बिअर ओतून द्यावी लागते, आणि त्यानंतर रबरी नळ्या आणि प्लॅस्टिकची भांडीही बदलावी लागतात.

दुसरा पाहुणा अधिक ओळखीचा. हवा आणि उष्णता मिळाली की ॲसिटोबॅक्टर हे जिवाणू मद्याचा सिरका करतात. तीस अंशांच्या खोलीत लाकूड घातलेली बिअर महिनाभर ठेवणे म्हणजे त्यांना निमंत्रण देणे होय. युरोपातली पुस्तके ‘खोलीच्या तापमानात’ ठेवायला सांगतात तेव्हा त्यांची खोली अठरा-वीस अंशांची असते. सुरत असो वा मडगाव, इथे त्या सूचनेचा अर्थ फ्रिज किंवा थंड पेटी असा घ्यावा लागतो.

सुरतेच्या परिसरात हाच दोष धंद्याचा आधार झाला. सुरतेच्या दक्षिणेला नवसारी. तिथे कोलाह या पारशी घराण्याने १८८५ मध्ये सुरू केलेला उसाचा सिरका लाकडी पिंपांत मुरवतात. पारशी घरांतल्या पात्यात आणि लोणच्यांत त्याला मान आहे. मद्यार्क पिंपात शिरतो आणि सिरका होऊन बाहेर येतो. दारूबंदीच्या राज्यात लाकडाने मुरवलेले पेय शोधणाऱ्याला हा सिरका सापडतो. माडाच्या सुरीपासून केलेल्या विनागरावर सोरपोतेल आणि विंदालू शिजवणाऱ्या गोव्याला यात नवल वाटणार नाही. आंबट झालेली ओकची बिअर फेकण्याआधी तिचा सिरका होऊ देण्याचा पर्याय म्हणूनच विचारात घ्यावा, अर्थात वास स्वच्छ असेल तर.

गोव्याची उष्णता आणि फेणीचा प्रश्न

उष्णतेची दुसरी बाजूही आहे. पोर्तुगीजांच्या माडेरा बेटाची वाइन जहाजातल्या पिंपांतून उष्ण कटिबंधात जाऊन परत आली की अधिक चांगली लागते, असे व्यापाऱ्यांच्या लक्षात आले आणि मग ती मुद्दाम भारताच्या सफरीवर पाठवली जाऊ लागली. उष्णतेने लाकूड फुलते, द्रव त्यात खोल शिरतो, थंडावल्यावर बाहेर येतो, आणि येताना चव घेऊन येतो. कुंकळ्ळीच्या कारखान्यात तयार होणारी पॉल जॉन ही सिंगल माल्ट व्हिस्की २०१२ मध्ये बाजारात आली, तिच्या मागे हेच तत्त्व आहे. स्कॉटलंडमध्ये पिंपातून वर्षाला सुमारे दोन टक्के व्हिस्की उडून जाते. गोव्यात हे प्रमाण त्याच्या कितीतरी पट, आठ टक्के आणि त्याहून अधिक असते. म्हणून इथे बारा-अठरा वर्षे थांबणे परवडत नाही, आणि तशी गरजही पडत नाही.

मग फेणीचे काय? काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, २०१६ मध्ये राज्याने तिला वारसा पेयाचा दर्जा दिला, आणि तेव्हापासून तिला जगाच्या बाजारात नेण्याच्या चर्चेत ओकच्या पिंपाचे नाव अधूनमधून निघते. सोनेरी रंगाचे मद्य महाग विकले जाते, हे खरे. पण फेणी मुरवण्याची इथली परंपरा मोठ्या पोटाच्या काचेच्या बाटल्यांची आहे, आणि तिच्यामागे शहाणपण आहे. पिकलेल्या बोंडूचा तो तिखट, फळाळ वास हेच फेणीचे भांडवल. अमेरिकन ओकचे खोबरे आणि व्हॅनिला त्यावर चढले की उरते ते कोणत्याही देशाचे सोनेरी मद्य. काजूचे मूळ गाव असलेल्या ब्राझीलमध्ये उसाच्या काशासा या मद्यासाठी कारखानदार ओकबरोबर अंबुराना, बाल्सम अशी आपल्याच जंगलातली लाकडे वापरतात आणि त्याचाच अभिमानाने प्रचार करतात. गोव्याला लाकूड वापरायचेच असेल तर अनुकरणासाठी हे उदाहरण अधिक जवळचे आहे. मात्र त्याआधी प्रत्येक स्थानिक लाकडातून मद्यात काय उतरते, याची प्रयोगशाळेत तपासणी व्हायला हवी. काही झाडांची द्रव्ये विषारी असतात आणि घरी करून पाहण्याचा हा प्रयोग नव्हे.

ओकपुरता प्रयोग करून पाहायचा असेल तर तो स्वस्त आहे. एकाच भट्टीची, एकाच हंगामाची फेणी दोन बाटल्यांत भरावी. एकीत लिटरमागे दोन-तीन ग्रॅम हलका शेक दिलेले फ्रेंच ओक घालावे, दुसरी तशीच ठेवावी. दर चार दिवसांनी दोन्ही ग्लास डोळे बांधलेल्या माणसापुढे ठेवून काजूचा वास कोणत्या ग्लासात येतो, ते विचारावे. उत्तर द्यायला तो पहिल्यांदा अडखळेल, त्या दिवशी लाकूड बाहेर काढावे.